मास्तरांची आखाजी

"हे हात आहेत का मेथीच्या जुड्या?"

हॉलच्या एका टोकाला हा आवाज उठला की दुसऱ्या टोकाला बसलेली बाईसुद्धा आपल्या हातांकडे बघायची. पाठोपाठ दुसरा आवाज यायचा, फटाक. मास्तरांनी गळ्यातली मापाची टेप काढून टेबलावर आपटलेली असायची. त्या टेपने त्यांना मी कधी काही मोजताना पाहिलं नाही. कापड कापून, गठ्ठे बांधूनच शिलाईच्या हॉलमध्ये यायचं, त्यामुळे मोजायला तिथे काही उरलेलंच नव्हतं. पण टेप गळ्यात नसली तर मास्तरांना उघड्या अंगाने फिरल्यासारखं वाटत असावं.

पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना हायवेला लागून आमची कंपनी आहे. आम्ही शर्ट शिवतो. कॉलरच्या आत जे लेबल लागतं त्यावरचं नाव परदेशातलं. ते नाव आमच्यापैकी कोणाला धड उच्चारता येत नाही, आणि तिकडच्या साहेबांना पारोळा म्हणता येत नाही, त्यामुळे फिट्टंफाट. त्या परदेशी कंपनीने एकदा कळवलं, की आमचे शर्ट जिथे शिवले जातात तिथे कामगारांची काळजी घेणारं कोणीतरी पाहिजे. म्हणून मला घेतलं. वेल्फेअर ऑफिसर. जळगावला समाजकार्याचं शिक्षण झालं होतं, लग्न होऊन पारोळ्याला आले होते, आणि बस कंपनीच्या दारात थांबत होती. निवड होण्यासाठी एवढं पुरेसं होतं. सुरुवातीला माझं काम म्हणजे भिंतींवर पोस्टर चिकटवणं आणि ती पडली की पुन्हा चिकटवणं, असंच चाललं होतं.

मास्तर मात्र कंपनी सुरू झाली तेव्हापासूनचे. त्यांचं नाव सांगत नाही. सगळ्या बायका मास्तर म्हणायच्या, मीही तेच म्हणेन. धुळ्याच्या जुन्या वस्तीत त्यांचं टेलरिंगचं दुकान होतं. नवरदेवांचे सूट, पुढाऱ्यांचे सफारी, शाळेच्या हेडमास्तरांचे कोट. मग लोक तयार कपडे घ्यायला लागले आणि दुकानात फक्त पँटी आखूड करायचं काम उरलं. शेवटी त्यांनी दुकान बंद केलं आणि तयार कपड्यांच्याच कारखान्यात लाइनवर देखरेख करायला आले.

"ज्याने माझं दुकान खाल्लं, त्याच्याच घरी जेवायला आलोय, बेटी," असं ते मला म्हणाले होते. म्हणताना हसले होते, पण मला काही हसू आलं नाही.

त्यांचं ओरडणं साधं नसायचं. त्यात कारागिरी होती. तिरक्या कॉलरला ते म्हणायचे, "ही कॉलर आहे का उंटाची मान?" खिसा लहान लागला तर, "यात काय ठेवायचं, लवंग?" शिलाई वाकडी गेली तर शर्ट उंच धरून सगळ्यांना दाखवायचे, "बघा, हा आपला पारोळ्याचा रस्ता!" रोज्याच्या महिन्यात आवाज जरा खाली यायचा, मजकूर तोच असायचा. दुपारच्या सुट्टीत कळण्याची भाकरी आणि ठेचा खाताना बायका त्यांची हुबेहूब नक्कल करत. एकजण ओढणी गळ्यात टेपसारखी टाकून उभी राहायची आणि बाकीच्या ठसका लागेपर्यंत हसायच्या.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. शाळेत, कचेरीत, नात्यात. अशा माणसांच्या गोष्टी आपण नंतर फार प्रेमाने सांगतो, आणि मीही आत्ता तेच केलं. पण नव्याने कामाला आलेली मुलगी त्या टेपच्या आवाजाने कशी आक्रसून बसायची हेही मी पाहिलेलं आहे. दोघी-तिघी तर काही न सांगता यायच्याच बंद झाल्या. नक्कल करून हसणाऱ्या बायका जुन्या होत्या. त्यांनी ते हसू कमावलेलं होतं.

मग परदेशी कंपनीचे नवे नियम आले. त्यात एक नियम असा होता, की देखरेख करणाऱ्याने आवाज चढवायचा नाही आणि कामगाराला लागेल असं बोलायचं नाही. त्याचं शिक्षण द्यायला मुंबईहून एक बाई आल्या. त्यांनी खुर्च्या गोल मांडल्या आणि सुपरवायझरांना एकेक प्रसंग करून दाखवायला लावला. मास्तरांच्या वाट्याला आलं, की कॉलर चुकलेल्या कामगाराला सौम्य शब्दांत सांगा. कामगार म्हणून सुनंदाला समोर बसवलं. सुनंदा लाइनवरची सगळ्यात लहान. माहेर शिंदखेड्याकडचं, त्याच वर्षी लग्न होऊन पारोळ्याजवळच्या गावात आलेली.

मास्तर उभे राहिले. घसा खाकरला. टेपकडे हात गेला, परत आला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "ताई... कृपया... ही कॉलर तुम्हाला बरी वाटते का?"

सुनंदाने भाबडेपणाने उत्तर दिलं, "हां मास्तर, माले बरी वाटस."

मास्तरांचे डोळे मोठे झाले. ओठ हलले. त्या क्षणी त्यांच्या तोंडात काय काय येऊन गेलं असेल ते मी आणि लाइनवरच्या सगळ्या बायका ओळखून होतो. पण त्यांनी गिळलं, आणि मुंबईच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरचे काही दिवस हॉलमध्ये विचित्र गेले. मास्तर सगळ्यांना ताई म्हणायला लागले. "कृपया" हा शब्द त्यांनी इतका वापरला, की चहावाल्यालाही "कृपया साखर कमी" असं सांगितलं. बायका कामापेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघायला लागल्या. एका दुपारी सगळ्यात जुन्या अक्कांनी मशीन थांबवून विचारलंच, "मास्तर, तुमले ताप उना का?"

"नाही, ताई. का?"

"मंग बोला ना काही. असं गोड बोलतस त्यानं आमले भेव वाटस."

सगळा हॉल हसला. मास्तरही हसले, पण माझ्या टेबलाशी येऊन खुर्चीत बसले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"बेटी," ते म्हणाले, "एकच घर आपल्याला दोन चिठ्ठ्या पाठवतं. एकीत लिहितं, बायकांशी प्रेमाने बोला. दुसरीत लिहितं, माल आठ दिवस आधी पाठवा. दोन्हींवर सही एकाची. मी आता कुठली चिठ्ठी वाचू?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न मुंबईच्या प्रशिक्षणात कोणी विचारलाच नव्हता. ओरडणारा माणूस सगळ्यांना दिसतो, त्याच्या मागे उभी असलेली घाई कोणाला दिसत नाही, आणि ती घाई कुठल्या देशातून निघते हे तर आमच्या मॅनेजर साहेबांनाही नीट माहीत नव्हतं. त्यांना फक्त फोन यायचे. फोन आला की ते हॉलमध्ये यायचे, मास्तरांच्या कानाशी काहीतरी बोलायचे, आणि निघून जायचे. माणूस वाईट नव्हता. पण त्यांचा फोन वाजला की मीही हातातलं पोस्टर खाली ठेवायचे.

अशाच एका फोननंतर ते घडलं. एक मोठी ऑर्डर होती आणि लाइन मागे पडली होती. मास्तरांचा तोल गेला. एका टेबलावर चुकीच्या बाह्यांचा ढीग त्यांना दिसला आणि गळ्यातली टेप निघाली. फटाक. टेबल सुनंदाच्या अगदी पाठीमागचं होतं. ती दचकली, पाय पॅडलवर होता तो दाबला गेला, आणि मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली.

ती ओरडली नाही. नुसती बोटाकडे बघत राहिली. ओरडले मास्तर, पण तो आवाज आम्ही कधी ऐकलेला नव्हता. त्यांनी आधी बटण बंद केलं, मग मशीनचं चाक हाताने हळूहळू उलटं फिरवून सुई वर घेतली. बोट स्वतःच्या रुमालात धरलं. पारोळ्याच्या दवाखान्यात जाईपर्यंत ते तिच्याबरोबर जीपमध्ये मागे बसले होते आणि सारखं एकच म्हणत होते, "माझी चूक आहे पोरी, माझी चूक आहे." सुनंदाच त्यांना समजावत होती, "जाऊ द्या मास्तर, डावा हातनं बोट शे."

बोट बरं झालं. मास्तरांचं ओरडणं मात्र त्या दिवशी थांबलं. टेप त्यांनी घरी ठेवून दिली. "कृपया"सुद्धा बंद झालं. आता कोणाची कॉलर चुकली तर ते स्टूल ओढून तिच्या शेजारी बसत, कापड स्वतःच्या हातात घेत आणि एकदा लावून दाखवत. त्यांच्या त्या जाड बोटांतून कॉलर अशी फिरायची, की बघणारीला वाटायचं यात अवघड ते काय. मुंबईच्या बाई पुढच्या वेळी आल्या तेव्हा त्यांनी हे आपल्या प्रशिक्षणाचं यश म्हणून टिपून घेतलं. मला ते आवडलं नाही. मास्तर बदलले ते खुर्च्या गोल मांडल्यामुळे नव्हे.

आता आखाजीबद्दल सांगायला हवं, कारण तुम्ही खानदेशातले नसाल तर पुढचं कळणार नाही.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. बाकी महाराष्ट्रात त्या दिवशी लोक सोनं घेतात, आमरस खातात आणि झोपतात. आमच्याकडे तो सासुरवाशिणींचा सण आहे. दिवाळीला नाही जमलं तर चालतं, पण आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे. तिला न्यायला माहेराहून भाऊ येतो, नाहीतर बाप. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी दारात येऊन उभा राहिला की सासूसुद्धा अडवत नाही. माहेरी मग गौराईची गाणी, खापरावरच्या पुरणपोळ्या, आणि मैत्रिणींशी बोलून बोलून रात्री जागवणं. लग्नानंतरची पहिली आखाजी असेल तर विचारूच नका. आई महिनाभर आधीपासून वाट बघते.

आमच्या कंपनीच्या सुट्ट्या मुंबईच्या मुख्य ऑफिसात ठरत. आमच्या ऑफिसने यादी पाठवली तेव्हा त्यात अक्षय्य तृतीया लिहिली होती. मुंबईच्या साहेबांना वाटलं, सोनं काय, संध्याकाळीही घेता येतं. त्यांनी त्यावर रेघ मारली. चूक कोणाची म्हणायची? आमच्या माणसाने आखाजी हा आपला शब्द कागदावर गावंढळ दिसेल म्हणून शुद्ध करून लिहिला, आणि शुद्ध केल्यावर त्यातलं माहेरच निघून गेलं. दरवर्षी बायका कोणाची तरी मयत सांगून, आजारपण सांगून रजा काढायच्या. आखाजीच्या सुमारास आमच्या भागात म्हाताऱ्या माणसांची फारच पडझड व्हायची.

त्या वर्षी ते जमलं नाही. आखाजीच्या आदल्या दिवशी चौकड्याच्या शर्टांचा ट्रक निघायचा होता. निम्मा माल शिवायचा बाकी होता. सुनंदा सकाळीच माझ्याकडे आली. नवी साडी पिशवीत होती, बांगड्या हातात होत्या.

"मॅडम, मनी पहिली आखाजी शे. मना भाऊ सांजले लेवाले येनार शे. सुट्टी टाइमवर व्हई ना?"

मी होईल म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं.

उन्हं उतरायला लागली तशी गेटबाहेर एकेक मोटरसायकल येऊन थांबायला लागली. डोक्याला रुमाल बांधलेले भाऊ, पांढऱ्या टोपीतले बाप, एक जण तर छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला होता, दोन बहिणी आणि शेजारची एक अशा तिघींना न्यायला. कोणी लिंबाच्या सावलीत बसलं, कोणी गाडीवरच आडवं झालं. मी गेटवर गेले तर सुनंदाचा भाऊ पुढे आला. मिसरूड फुटलेला, उन्हाने लाल झालेला. "ताईले सोडतस ना, मॅडम? माय सकायपाईन वाट दखी राहिनी."

मी आत वळले, तेवढ्यात मॅनेजर साहेबांनी वॉचमनला सांगितलेलं कानावर पडलं. माल भरेपर्यंत कोणाला सोडायचं नाही. सगळ्यांना जादा काम.

मी त्यांच्याकडे गेले. जादा काम कामगाराच्या इच्छेनेच घ्यायचं, हा परदेशी कंपनीचाच नियम आहे, हे सांगितलं. तो नियम मीच पिण्याच्या पाण्याच्या टाकीशेजारी चिकटवला होता. साहेबांनी फोन माझ्यासमोर धरला. "तुम्ही बोला त्यांच्याशी. हा ट्रक चुकला तर पुढची ऑर्डर दुसरीकडे जाईल. मग यांना रोजच सुट्टी. चालेल?" मी फोन घेतला नाही.

मास्तर दारातच उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते साहेबांना काही बोलले नाहीत. हॉलमध्ये गेले. मी त्यांच्या मागे धावले. हॉलमध्ये सगळ्या बायकांनी एव्हाना ओळखलेलं होतं. मशीन मात्र चालू होत्या. सुनंदाची मान खाली होती आणि ती शिवत होती. डोळ्यांतलं पाणी शर्टावर पडू नये म्हणून सारखं बाहीने पुसत होती.

मास्तर मेन स्विचपाशी जाऊन उभे राहिले. आणि कित्येक महिन्यांनंतर त्यांचा तो आवाज हॉलभर घुमला.

"पाय काढा! सगळ्यांनी पॅडलवरून पाय काढा! हात बाजूला!"

सवयीने सगळ्या दचकल्या आणि सवयीनेच सगळ्यांनी पाय काढले. मास्तरांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली, कोणाचा हात सुईखाली नाही ना हे पाहिलं, आणि स्विच खाली ओढला. मशीन थांबल्या. पंखे थांबले. बाहेरच्या मोटरसायकलींवर बसलेल्या पुरुषांचं बोलणं आत ऐकू यायला लागलं.

"उठा! मेथीच्या जुड्यांनो, ऐकू येत नाही? मुराळी उन्हात वाळायला लागलेत तुमचे. उठा!"

साहेब धावत आले. "मास्तर, हे काय लावलंय? कोणाला विचारून?"

"साहेब, तुमच्याच भिंतीवर लिहिलंय, जादा काम मर्जीने. यांची मर्जी गेटबाहेर उभी आहे. जाऊ द्या त्यांना." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "ज्यांना जायचं नाही त्या थांबतील. मी शिवतो. सकाळपर्यंत माल देतो. ट्रकवाल्याला मी हात जोडतो."

साहेब काय बोलणार होते कोण जाणे. पण बायका उठल्या होत्या. एवढ्या जणी एकदम उठल्यावर दारात उभं राहणं अवघडच असतं. वॉचमनने कोणाच्या सांगण्याची वाट न बघता गेट उघडलं. तोही कोणाचा तरी भाऊ होता. सुनंदा माझ्याशेजारून गेली तेव्हा मला तिने मिठीच मारली, मास्तरांकडे वळून बघितलं आणि पळत सुटली. थोड्याच वेळात गेटबाहेर एकामागून एक गाड्या सुरू झाल्याचा जो आवाज झाला, तसा आवाज मी लग्नाच्या वरातीतही ऐकलेला नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मागे राहिल्या त्या थोड्याच. ज्यांची माहेरं आता उरली नव्हती अशा, ज्यांच्या स्वतःच्या लेकी घरी येणार होत्या अशा. अक्का थांबल्या. स्विच पुन्हा वर करून मास्तर सुनंदाच्या मशीनवर बसले, चष्मा नाकावर ओढला आणि शिवायला लागले. मी धागे कापायला बसले. मला दुसरं काही येत नव्हतं. खूप वर्षांनी मास्तर मन लावून एक पूर्ण शर्ट शिवत होते. मध्येच एक शर्ट त्यांनी उंच धरला. आम्हाला वाटलं, आता काहीतरी बोलणार. पण त्यांनी तो नुसता पाहिला, घडी केली आणि ठेवला. ट्रक सकाळी निघाला. उशीर झाला, पण निघाला. ऑर्डरही कुठे गेली नाही.

गेली ती मास्तरांची नोकरी.

लाइन बंद केल्याबद्दल काढलं असतं तर मी समजू शकले असते. पण तसं लिहिलं की जादा कामाचा प्रश्न निघाला असता. म्हणून वेगळं कारण शोधलं गेलं. हॉलमध्ये आवाज चढवून बोलणे. कामगारांना अपमानास्पद शब्द वापरणे. नियमाचा भंग. चौकशी झाली, बायकांना एकेकीला बोलावून विचारलं, मास्तर ओरडले का? बायका खोटं कसं सांगणार?

सुनंदाने सांगितलं, "हां, वरडनात. आमले सोडाकरता वरडनात." चौकशीवाल्यांनी पहिलं वाक्य घेतलं, दुसरं सोडलं. मी विरोधात लेखी दिलं, साहेबांशी भांडले, मुंबईला फोन केले. काही उपयोग झाला नाही. ज्या नियमासाठी मी पोस्टर चिकटवत फिरले होते त्याच नियमाने त्यांना घालवलं, याची चीड माझ्या मनातून अजूनही गेलेली नाही. मला तो नियम आजही बरोबरच वाटतो, आणि म्हणूनच जास्त त्रास होतो.

मास्तर जाताना चिडले नाहीत. सगळ्यांना सलाम करून हॉलच्या दारात क्षणभर थांबले. "बरं आहे," म्हणाले. "घसा बसला होता तसाही." आणि धुळ्याच्या बसमध्ये चढले.

पुढे पावसाळ्यानंतर परदेशी कंपनीच्या वतीने तपासणीला एक बाई आल्या. या वेगळ्या होत्या. आमच्यापैकी कोणालाही बरोबर न घेता त्या बायकांना घेऊन शेडमागच्या लिंबाखाली जाऊन बसल्या. दुपारभर बसल्या. बायका काय बोलल्या ते मला कोणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. पण त्यानंतर जादा कामाआधी प्रत्येकीला विचारायला सुरुवात झाली, आणि नाही म्हटलं तर तोंड वाकडं करणं बंद झालं. माल पोचवायची मुदतही थोडी सैल झाली. आणि नव्या वर्षाच्या सुट्ट्यांमध्ये दोन दिवस आले. या वेळी त्यावर आखाजी असंच लिहिलेलं होतं. सुधारणा झाली. ती खरी आहे आणि बायकांच्या रोजच्या जगण्यात तिच्यामुळे फरक पडला आहे, हे मला मान्यच केलं पाहिजे. फक्त तिच्यात मास्तर कुठेच नव्हते.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी, म्हणजे आखाजीच्या आदल्या दिवशी, मी धुळ्याला गेले. दुसऱ्या दिवशी मला स्वतःलाच जळगावला माहेरी जायचं होतं, पण ही बातमी मास्तरांना मी आपल्या तोंडाने सांगणार होते. पत्ता विचारत विचारत गल्लीत शिरले. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, त्यावर शाळेचा अर्धवट आखूड केलेला गणवेश. मास्तर नव्हते. त्यांची बायको बाहेर आली. मी कोण ते सांगितल्यावर तिने मला हाताला धरून आत बसवलं.

"ते तर चाळीसगावला गेलेत, सकाळच्या गाडीने."

"काही काम निघालं का, चाची?"

"मुलीला आणायला." ती हसली, जरा लाजलीच. "मी म्हटलं, हे आपल्यात कुठे असतं? तर म्हणाले, नसेना का. लग्न झाल्यापासून आपण तिला एकदा तरी आणायला गेलो का? ती आपली आपण येते, आपली आपण जाते. मी म्हटलं, तुम्हाला सुट्टी कुठे होती? तर म्हणाले, आता आहे ना. नवी टोपी घालून गेले. जावयाला फोनसुद्धा नाही केला. म्हणाले, मुराळी फोन करून जात नसतो."

मी सांगायला आलेली बातमी तशीच राहिली. चहा पिऊन मी उठले तेव्हा चाचीने मला मागच्या अंगणात नेलं. तिथे लिंबाच्या फांदीला झोका बांधलेला होता. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीसाठी आमच्याकडे घरोघरी बांधतात तसा, नवा दोर, बसायला फळी. फळीवर एक गादी होती. वेगवेगळ्या रंगांचे चौकोनी तुकडे जोडून शिवलेली, कडेने बारीक दुहेरी शिलाई.

"काल दिवसभर हेच करत बसले होते," चाची म्हणाली. "तू बसून बघ ना जरा. पेलेल ना?"

मी दोर धरून दोन्ही हातांनी जोरात ओढून पाहिला. फांदी हलली नाही. "पेलेल," मी म्हणाले, पण बसले नाही. चाळीसगावची गाडी यायला अजून वेळ होता.